नळाचे पाणी आणि विजेचे बिल : ग्रामपंचायतींसाठी काटकसरीचा पाठ

विहिरीत पाणी आहे, पंप चालू स्थितीत आहे, जलकुंभही उभा आहे. तरीही गावातील नळ कोरडे आहेत, असे दृश्य ग्रामीण भागात अपवादाने दिसते असे नाही. विजेच्या बिलाची थकबाकी वाढली, वीजजोडणी तोडली गेली आणि लाखो रुपये खर्चून उभी राहिलेली नळपाणी योजना बंद पडली, एवढेच त्यामागचे कारण असते. योजना बंद पडली की हंडा पुन्हा डोक्यावर येतो, आणि तो डोके कोणाचे हे सांगण्याची गरज नाही. पाणी मिळत नाही म्हणून ग्रामस्थ पाणीपट्टी भरत नाहीत, पाणीपट्टी जमा होत नाही म्हणून बिल भरले जात नाही आणि बिल भरले जात नाही म्हणून पाणी मिळत नाही. या दुष्टचक्रातून बाहेर पडण्यासाठी वसुली वाढविणे हा एक मार्ग आहे. परंतु मुळात बिल एवढे मोठे का येते, हा प्रश्न त्याआधी विचारला गेला पाहिजे. ऊर्जा व साधनसंपत्तीच्या बचतीचा कार्यक्रम ग्रामपंचायतीच्या पातळीवर सुरू होतो तो या प्रश्नापासूनच.

जबाबदारीचे स्वरूप

महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण विकासाची अनेक कामे लोकप्रतिनिधींच्या हाती आली. पुढे १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक स्थान मिळाले; ही दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. तिच्यासोबत घटनेला जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. जलव्यवस्थापन व पाणलोट विकास, पिण्याचे पाणी, सामाजिक वनीकरण, इंधन व वैरण, ग्रामीण विद्युतीकरण, अपारंपरिक ऊर्जा आणि सामूहिक मालमत्तेची देखभाल हे त्यांपैकी काही होत. पाणी, सरपण, वीज आणि या सर्वांची निगा ही कामे पंचायतीच्या कार्यकक्षेत एकत्र आली आहेत, हे या यादीवरून स्पष्ट होते.

२००१ च्या ऊर्जा संवर्धन अधिनियमाने विजेच्या काटकसरीला कायद्याचा आधार दिला. या अधिनियमाखाली २००२ साली केंद्रीय पातळीवर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला, तर महाराष्ट्रात या कामासाठी महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजेच महाऊर्जा, ही नियुक्त संस्था आहे. राज्य शासनाने २ ऑक्टोबर २०२० पासून सुरू केलेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांच्या आधारे स्थानिक संस्थांच्या कामाचे मूल्यमापन होऊ लागले. त्यातील अग्नितत्त्व म्हणजे ऊर्जाच होय. कायदा आहे, संस्था आहेत आणि अभियानेही आहेत. प्रत्यक्ष बचत मात्र गावच्या पंपघरात आणि विजेच्या खांबावरच व्हावयाची आहे.

ग्रामपंचायतीच्या विजेच्या खर्चाची प्रमुख कलमे दोनच असतात : पाणीपुरवठा आणि दिवाबत्ती. कार्यालय, शाळा व अंगणवाडी यांचा वापर त्या मानाने अल्प असतो. म्हणून या दोन कलमांचा हिशेब समजून घेणे अगत्याचे आहे.

एका युनिटचे काम

पाणी उचलण्याचे काम किती विजेत व्हावयास हवे, याचे गणित अवघड नाही. १,००० लिटर पाणी ३६७ मीटर उंच चढविण्यास, कोठेही घट होत नाही असे धरल्यास, एक युनिट वीज लागते. हा एकच आकडा लक्षात ठेवला तरी पंपाची परीक्षा करता येते. उंची मोजताना विहिरीतील पाण्याच्या पातळीपासून जलकुंभाच्या वरच्या टोकापर्यंतची उंची धरावयाची आणि नळीतील घर्षणामुळे पडणारा भार तीत मिळवावयाचा.

उदाहरणादाखल २,००० लोकवस्तीचे गाव घेऊ. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. त्यानुसार गावाला रोज १,१०,००० लिटर पाणी लागेल. एकूण उंची ६० मीटर धरली, तर घट वगळून या कामाला रोज १८ युनिट वीज पुरेशी आहे. अर्थात कोणताही पंप व मोटार मिळालेली सर्व वीज कामी लावू शकत नाही. चांगल्या स्थितीतील जोडीने ५५ टक्के काम दिले, तर रोज सुमारे ३३ युनिट खर्च होतील. हा खर्च रास्त मानावा लागेल.

आता दुसरी स्थिती पाहू. पंपाचा पंखा झिजलेला आहे, मोटार दोन-तीन वेळा रिवाइंडिंग केलेली आहे आणि फूट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलेला आहे. जोडीचे काम ३४ टक्क्यांवर आले, तर तेवढ्याच पाण्यासाठी रोज ५३ युनिट लागतील. त्यातच वाटेवर ३० टक्के पाणी गळत असेल, तर १,१०,००० लिटर पाणी घरोघर पोहोचविण्यासाठी १,५७,००० लिटर उपसावे लागेल आणि खर्च रोज सुमारे ७५ युनिटांवर जाईल. दोन्ही स्थितींत ग्रामस्थांना पाणी सारखेच मिळते. परंतु पहिल्या गावाच्या मानाने दुसरे गाव वर्षाकाठी सुमारे १५,३०० युनिट अधिक वीज जाळते. या विजेचे पैसे पाणीपट्टीतूनच जावयाचे असतात. म्हणजे गळक्या नळीचा भुर्दंड प्रामाणिकपणे पट्टी भरणाऱ्या कुटुंबावर पडतो.

पंपाची परीक्षा

या स्थितीपैकी आपले गाव कोठे आहे, हे जाणण्यासाठी तज्ज्ञाची वाट पाहण्याचे कारण नाही. पाणी सोडणारा कर्मचारी, एक ग्रामपंचायत सदस्य आणि शाळेतील एखादे शिक्षक यांनी एका सकाळी ही परीक्षा करावी. प्रथम जलकुंभ रिकामा करून त्याची बाहेर जाणारी झडप बंद करावी. मीटरवरील आकडा लिहून घ्यावा, पंप सुरू करावा आणि जलकुंभ भरताच पुन्हा आकडा लिहावा. ५०,००० लिटरचा जलकुंभ ६० मीटर उंचीवर भरण्यास हिशेबाने ८ युनिटांहून थोडी अधिक वीज लागते. प्रत्यक्षात १४ ते १६ युनिट लागले, तर पंप ठीक आहे असे समजावे. २४ युनिट लागले, तर तीनपैकी दोन भाग वीज वाया जात आहे. भरण्यास लागलेला वेळही लिहून ठेवावा. पुढच्या खेपेस तो वाढलेला दिसला तर पंप थकत चालला आहे, हे कळते.

दुसरी परीक्षा गळतीची. रात्री सर्व नळ बंद असताना भरलेल्या जलकुंभाची वितरणाची झडप उघडून ठेवावी आणि पाण्याची पातळी किती उतरते ते पाहावे. पाच मीटर व्यासाच्या गोल जलकुंभात पातळी १० सेंटिमीटर उतरली, तर जवळजवळ २,००० लिटर पाणी कोणीही न वापरता जमिनीत गेले असे होते. नंतर एकेका आळीची झडप बंद करीत गेल्यास गळती कोणत्या बाजूला आहे तेही उमगते.

तिसरी पाहणी नळांची आहे. सार्वजनिक नळकोंडाळ्यावरील तोटी तुटली की ती पुन्हा बसविण्याचे काम कोणाचे, यावर महिनोन् महिने चर्चा चालते. अशा नळातून मिनिटाला १० लिटर पाणी वाहत असेल आणि गावाला दोन तास पाणी सोडले जात असेल, तर एकट्या नळाने रोज १,२०० लिटर, म्हणजे जवळजवळ बावीस माणसांच्या वाट्याचे पाणी, गटारात जाते. तोटीची किंमत त्या मानाने नगण्य असते.

नळीच्या व्यासाकडेही लक्ष दिले पाहिजे. सुरुवातीची बचत म्हणून १०० मिलिमीटरऐवजी ८० मिलिमीटर व्यासाची नळी टाकली, तर तेवढेच पाणी नेताना होणारे घर्षण सुमारे तिपटीने वाढते. हा अधिकचा भार पंपाला पुढील वीस वर्षे दररोज ओढावा लागतो. योजनेचे अंदाजपत्रक तयार होत असताना हा प्रश्न विचारणे हे पंचायत सदस्यांचे काम आहे. नळी पुरल्यानंतर तो विचारून उपयोग होत नाही. कपॅसिटर बसविल्याने तारांतील विद्युतप्रवाह कमी होऊन दाब सुधारतो, हे खरे. मात्र झिजलेल्या पंपाला तो उपाय नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

दिवाबत्तीचा हिशेब

गावात रस्त्यावरील १०० दिवे आहेत असे समजू. जुन्या पद्धतीची ४० वॉटची नळी चोकसह सुमारे ५५ वॉट वीज घेते. रात्री ११ तास याप्रमाणे या दिव्यांना रोज ६०.५ युनिट लागतात. त्यांच्या जागी २० वॉटचे एलईडी दिवे लावल्यास हाच खर्च २२ युनिटांवर येतो. वर्षाची बचत १४,००० युनिटांहून अधिक होते. ५ जानेवारी २०१५ रोजी देशात एलईडी पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्यामागे हेच गणित होते.

परंतु दिवा बदलला म्हणजे काम संपले, असा समज होऊ देता कामा नये. अनेक गावांत दिवाबत्तीची स्वतंत्र तार नसते किंवा ती तुटलेली असते. त्यामुळे खांबावरचे दिवे भर दुपारीही जळत असतात. २० वॉटचे तेच १०० दिवे २४ तास जळत राहिले, तर रोजचा खर्च ४८ युनिटांवर जातो. जुन्या नळ्या वेळेवर विझविणाऱ्या गावाचा खर्च ६०.५ युनिट होता, हे लक्षात घेतले म्हणजे नव्या दिव्यांवर केलेल्या खर्चाचे बहुतेक फळ दुर्लक्षामुळे कसे निघून जाते ते कळून येते. दिवे लावण्या-विझविण्याचे काम नेमून दिलेल्या व्यक्तीने करावे, अथवा वेळ साधणारे स्वयंचलित बटण बसवावे. रात्र हिवाळ्यात मोठी व उन्हाळ्यात लहान असते. म्हणून असे बटण ऋतूनुसार फिरविण्याची नोंदही ठेवली पाहिजे.

या बचतीचे प्रतिबिंब बिलात पडावयाचे असेल, तर मीटर चालू हवा. मीटर नादुरुस्त असल्यास बिल सरासरीने येते, आणि मग गावाने कितीही काटकसर केली तरी आकडा हलत नाही. असे एक-दोनदा झाले की काटकसरीवरचा विश्वासच उडतो. म्हणून दिवे बदलण्याआधी मीटर तपासून घेणे आणि तो नादुरुस्त असल्यास वीज कंपनीकडे लेखी पाठपुरावा करणे, हे पहिले पाऊल होय.

जमिनीखालचा ताळेबंद

विजेचा प्रश्न अखेर विहिरीच्या पातळीपाशी येऊन पोहोचतो. पातळी दहा मीटर खाली गेली, तर वर उल्लेखिलेल्या गावाला त्याच पाण्यासाठी रोज पाच-साडेपाच युनिट अधिक लागतात. आणि शेतीच्या उपशाचा विचार केला तर हा वाढीव खर्च कितीतरी मोठा होतो. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला हा धडा कठोरपणे दिला. त्यानंतर १९७४ पासून पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाण्यावरचा हक्क जमिनीच्या क्षेत्रावर न ठरविता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरवावा, भूमिहीनालाही वाटा मिळावा आणि उसासारखे अधिक पाणी पिणारे पीक घेऊ नये, ही त्यामागची सूत्रे होती. पाण्याची बचत हा केवळ तंत्राचा विषय नसून वाटपाचा व न्यायाचाही विषय आहे, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील हिवरे बाजार हे याच वाटेवरचे पुढचे गाव. श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली १९९० नंतरच्या दशकात तेथे पाणलोटाची कामे झाली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी व श्रमदान यांचा अवलंब झाला. अशी कामे इतर गावांतही झाली आहेत. हिवरे बाजारचे वेगळेपण आहे ते नंतरच्या शिस्तीत. वर्षभरात पडलेला पाऊस मोजावयाचा, त्यावरून उपलब्ध पाण्याचा अंदाज बांधावयाचा, माणसे व जनावरे यांच्या पिण्याचे पाणी आधी बाजूला ठेवावयाचे आणि उरलेल्या पाण्यात कोणती पिके घ्यावयाची हे ग्रामसभेत ठरवावयाचे, ही पद्धत तेथे रुजली. शेतीसाठी कूपनलिका न घेण्याचा नियम गावाने स्वतःवर घालून घेतला. पाऊस कमी झालेल्या वर्षी पिकांना कात्री लागते, पण पिण्याच्या पाण्याला लागत नाही. केंद्र शासनाने २५ डिसेंबर २०१९ रोजी सुरू केलेल्या आणि महाराष्ट्रासह सात राज्यांत राबविलेल्या अटल भूजल योजनेतही गावपातळीवरील पाण्याच्या ताळेबंदाला असेच मध्यवर्ती स्थान देण्यात आले.

मोजमाप आणि दर

नागरी वस्तीच्या अनुभवातूनही शिकण्यासारखे आहे. सातारा जिल्ह्यात कराडलगत असलेल्या मलकापूर येथील तेव्हाच्या नगरपंचायतीने २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना कार्यान्वित केली. चोवीस तास पाणी दिल्यास लोक अधिक पाणी वापरतील, अशी शंका साहजिकच घेतली जाते. मात्र ठराविक वेळी पाणी येणाऱ्या गावात काय घडते ते पाहावे. पाणी पुन्हा येईल की नाही या धास्तीने प्रत्येक भांडे भरले जाते, आणि दुसऱ्या दिवशी नळ आला की कालचे पाणी ‘शिळे’ म्हणून ओतून दिले जाते. नळाला तोटी नसली तरी कोणाला फरक पडत नाही. मलकापूरमध्ये प्रत्येक जोडणीला मीटर आणि वापर वाढेल तसा वाढत जाणारा दर यांची जोड चोवीस तासांच्या पुरवठ्याला देण्यात आली. मोजलेले पाणी जपून वापरले जाते, हा त्यातील बोध होय. गरजेपुरते पाणी अल्प दरात आणि चैनीचे पाणी चढ्या दरात, या तत्त्वामुळे गरीब कुटुंबावर बोजा पडत नाही.

उपायांचा क्रम

बचतीच्या कार्यक्रमात कोणते काम आधी व कोणते नंतर, याला फार महत्त्व आहे. प्रथम विनाखर्चाची कामे : नोंदी, वेळापत्रक, दिवसा जळणारे दिवे बंद करणे. नंतर अल्पखर्चाची कामे : तोट्या, गळती, झडपा, फूट व्हॉल्व्ह, मीटर. त्यानंतर पंप, नळी व दिवे बदलण्याची कामे. सौरऊर्जा ही या क्रमात शेवटी यावी. याचे कारण साधे आहे. एक किलोवॅटचे सौरपटल आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट वीज देते असे धरल्यास, रोज ७५ युनिट जाळणाऱ्या गावाला सुमारे १९ किलोवॅटचा संच लागेल. तेच गाव आधी गळती व पंप सुधारून ३३ युनिटांवर आले, तर आठ-साडेआठ किलोवॅटचा संच पुरेल. गळकी नळी तशीच ठेवून सौरपंप बसविणे म्हणजे फुटक्या रांजणाला सोन्याचे झाकण करण्यासारखे आहे.

क्रमाने चालल्यास मोठी झेपही घेता येते. तामिळनाडूतील कोइम्बतूर जिल्ह्यातील ओडंतुरै पंचायतीने प्रथम पाण्यावरील विजेचा खर्च तपासला, लाकडाच्या तुकड्यांपासून वायू निर्माण करून त्यावर पाणी उपसण्याचा प्रयोग केला आणि पुढे २००६ साली स्वतःची शिल्लक व बँकेचे कर्ज यांच्या बळावर ३५० किलोवॅटची पवनचक्की उभारली. शिल्लक वीज मंडळाला विकून पंचायतीला उत्पन्नही मिळू लागले. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मान्याची वाडी या लहान गावाने २०२४ साली घरोघर सौरवीज घेऊन राज्यातील पहिले सौरग्राम होण्याचा मान मिळविला.

याउलट, देखभालीची तरतूद न केल्याने चांगल्या योजना कशा निष्प्रभ होतात, याची उदाहरणेही डोळ्यांसमोर आहेत. १९८० नंतरच्या दशकात गोबरगॅस आणि निर्धूर चुलींचे कार्यक्रम देशभर राबविले गेले. जेथे निगा राखली गेली तेथे त्यांनी स्त्रियांचे श्रम व डोळ्यांतील धूर कमी केला. जेथे तडा गेलेली टाकी वा चोंदलेले धुराडे दुरुस्त करणारे कोणी नव्हते, तेथे ती साधने अडगळीत गेली. आज बॅटरी संपलेले सौरदिवे खांबांवर तसेच लटकताना दिसतात, तेव्हा त्याच चुकीची पुनरावृत्ती होते. म्हणून वीजबिलात झालेल्या बचतीचा निश्चित हिस्सा दुरुस्तीसाठी राखून ठेवण्याचा ठराव ग्रामपंचायतीने करावा आणि अंदाजपत्रकात त्याची स्वतंत्र नोंद दाखवावी.

शाळेचा वाटा

या कामात शिक्षकांचे स्थान मोलाचे आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी मिळते, हे सूत्र पाचवीच्या मुलालाही समजते. २०० चौरस मीटर छपराच्या शाळेवर वर्षात ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १,००,००० लिटर पाणी पडते. त्यातील ८० टक्के जरी साठविले वा विहिरीकडे वळविले तरी ८०,००० लिटर हाती येते. पर्जन्यमापक वाचणे, पंपघराच्या मीटरचा आकडा दर सोमवारी लिहिणे, विहिरीची पातळी दोरीने मोजणे आणि या तिन्हींचा आलेख फलकावर काढणे हा गणिताचा व भूगोलाचा जिवंत पाठ आहे. मुलांनी काढलेला आलेख ग्रामसभेत मांडला गेला, तर त्याकडे दुर्लक्ष करणे मोठ्यांना सोपे जात नाही.

ग्रामसभेपुढील काम

ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, यांनी दर ग्रामसभेत चार आकडे वाचून दाखवावेत : उपसलेले पाणी, त्यावर खर्च झालेले युनिट, दिवाबत्तीचे युनिट आणि जमा झालेली पाणीपट्टी. या चार आकड्यांना कोणत्याही निधीची अथवा मंजुरीची आवश्यकता नाही. मागील तिमाहीचे आकडे शेजारी लिहिले की गाव पुढे जात आहे की मागे, हे सर्वांना दिसते. वाढ झाली असल्यास कारण विचारता येते; घट झाली असल्यास पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचे कौतुक करता येते. पंचायत समितीच्या विस्तार अधिकाऱ्यांनी तपासणीच्या वेळी दप्तराबरोबर पंपघरातील ही वहीही पाहावी.

बचतीच्या कार्यक्रमाला भाषणे व फलक यांची जोड असावी, परंतु त्याचा पाया हिशेबाचाच असला पाहिजे. बिल वेळेवर भरले गेले, वीज तुटली नाही आणि वैशाखातही नळाला पाणी आले, तर त्या गावातील बाईच्या डोक्यावर हंडा परत येत नाही. ग्रामपंचायतीच्या काटकसरीचे मोल अखेर यावरूनच ठरवावयाचे आहे.